स्नोबोर्ड शिकायला निघालात? बोर्ड नंतर बघा, आधी बूट

तुरी निघाल्या की आमच्या जालन्यातली चार पोरं गुलमर्गला चाललीत आणि सगळे मला बोर्ड कोणता घ्यायचा तेच विचारायलेत, पण बाबांनो, पाय बुटात हलला की बोर्ड कितीही भारी असू द्या, वळत नाही.

माप घरूनच घेऊन जा. संध्याकाळी पाय जरा फुगलेले असतात तेव्हा भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिलनं खूण करायची, जेवढे सेंटीमीटर तेवढाच मोंडो साइज, म्हणजे 26.5 आलं तर 26.5 च मागायचा. मी भाड्याच्या दुकानात आपला नेहमीचा 9 नंबर सांगितला, ढिला निघाला म्हणून दोन मोजे चढवले, आणि वळायला गेलं की टाच आतल्या आत उचलायची, दुपारपर्यंत नडगी सोलून निघाली. मोजा एकच, लोकरीचा, उंच. बूट घालून टाच मागं आपटायची मग नाड्या आवळायच्या, सरळ उभं राहिलं की बोटं पुढं हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागं सरली पाहिजेत. टाच उचलतेय? दुसरा जोड मागा, लाजू नका.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारी पकड. पट्ट्याचं असेल तर सोपं, घोट्याचा पट्टा गच्च आवळायचा. पाय खांद्याएवढे फाकवून पुढचा 15 अंश बाहेर, मागचा 9 ते 15 अंश उलट्या बाजूला, स्क्रू स्वतः आवळून बघा.

बिनपट्ट्याच्या बाइंडिंगला मात्र जपा. आपण सायकलवाले शिमानोला गिअरमुळं ओळखतो, पण 1990 ला एसपीडी, म्हणजे बूट अडकवायचं पेडल काढणाऱ्या याच कंपनीनं त्याच दशकात के-टू या स्नोबोर्डवाल्या कंपनीसोबत क्लिकर नावाचे स्नोबोर्डचे बूट-बाइंडिंगही आणले होते, कल्पना तीच, बुटाच्या तळव्याला लोखंडी क्लीट म्हणजे अडकवायचा तुकडा, पाय दाबला की खट्‌कन बसायचं. मला ते डोकं लई आवडतं. पण चिखलात पेडलची क्लीट जशी अडते तसा तळव्याला बर्फ चिकटला की हेही बसत नाही. बर्टन कंपनीचं स्टेप ऑन हे बिनपट्ट्याचं बाइंडिंग 2017 चं, ते पंजाच्या दोन्ही बाजूंनी आणि टाचेला पकडतं, त्याला क्लीटचे बूट चालत नाहीत. म्हणून बूट-बाइंडिंग एकाच पद्धतीचं घ्या, तळवा खरवडून साफ करा, खालीच पाय बसवून टाच जोरात वर ओढून बघा, सुटली नाही तरच लिफ्टच्या रांगेत लागा.