क्लबचा फॉक्स हंट: टेपच्या यागीपासून शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत

परवाना हातात पडला की नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, हँडी (हातातला वायरलेस सेट) घेतो, आठवडाभर रिपीटरवर (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) सिग्नल रिपोर्ट घेतो-देतो आणि मग हळूहळू गप्प होतो. अशांना मैदानात उतरवायला फॉक्स हंटसारखा उपक्रम नाही. कुठेतरी लपवलेला लहान ट्रान्समीटर, म्हणजे फॉक्स, दिशा शोधत शोधत गाठायचा. एका सकाळीत उरकतो, खर्च बेताचा असतो. शिवाय पुढे कधी कुणाच्या गाडीतल्या सेटचं पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबलेलं राहून रिपीटर तासभर अडकला, तर तो सेट हुडकणारी माणसं क्लबकडे तयार असतात.

दुरून दिशा काढणं कुणालाही तासाभरात जमतं. हंट फसतात ते शेवटच्या दीडशे-दोनशे मीटरमध्ये. तिथे सेटचा मीटर सगळीकडे भरलेला दिसतो आणि लोक त्याच झुडपाभोवती गोल फिरत बसतात. तयारीचा जास्त वेळ त्या टप्प्यासाठी ठेवावा.

अँटेना

दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी स्टीलच्या मोजपट्टीची तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना, जगभरातले क्लब वापरतात. पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होते, त्यामुळे झाडीतून जाताना मोडत नाही, गाडीतही मावते. तिची प्रचलित मापं अमेरिकेतल्या १४६.५६५ मेगाहर्ट्झसाठी आहेत. आपला पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणून लांबी साधारण एक टक्क्याने वाढवावी. १४५ च्या आसपास ही मापं चालतात:

रिफ्लेक्टर (मागचा) १०६.२ सेंमी
ड्रिव्हन (मधल्या, केबल जोडायच्या) एलिमेंटचे दोन तुकडे, प्रत्येकी ४५.६ सेंमी, मध्ये २.५ सेंमी फट
डायरेक्टर (पुढचा) ९०.२ सेंमी
रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २०.५ सेंमी, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३२ सेंमी

पट्टी एकूण २.८८ मीटर लागते. पाच मीटरची, २५ मिमी रुंदीची टेप घ्यावी. तीन मीटरच्या टेपा बहुधा अरुंद असतात, त्यांची एलिमेंट टोकाला लोंबतात. बूमला अर्धा इंची पीव्हीसी पाइप, रिफ्लेक्टर आणि ड्रिव्हनसाठी एकेक क्रॉस, डायरेक्टरसाठी टी. पाइप कापताना वरची अंतरं पाइपच्या लांबीला लावू नका. फिटिंगच्या आत पाइप किती शिरतो ते कंपनीगणिक बदलतं. आधी सुके जोडून एलिमेंटच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, जास्त झालेलं कापा, मगच सॉल्व्हंट लावा. पट्ट्या होज क्लिपने आवळायच्या.

टेपवरचा रंग सॉल्डर धरत नाही. ड्रिव्हनच्या दोन्ही तुकड्यांची आतली टोकं एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, फ्लक्स लावा आणि पट्टी क्लिपने आवळण्याआधीच टिनिंग करून घ्या. २५ वॅटची सॉल्डरिंग आयर्न इथे पुरत नाही, स्टील उष्णता ओढून घेतं आणि जोड कोरडा राहतो. ६० वॅटची वापरा.

आरजी-५८ केबल दीड मीटर. मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. त्याच दोन बिंदूंवर १२.७ सेंमी जाड तारेचा, सुमारे १.९ सेंमी रुंद यू वळवून जोडायचा. ही हेअरपिन मॅचिंगचं काम करते. ड्रिव्हन मुद्दाम थोडा आखूड ठेवलेला असतो, त्याची उणीव ही तार भरून काढते. केबलचे आठ वेढे ड्रिव्हनच्या मागे बूमवर घट्ट घ्यावेत, नाहीतर केबलची जाळीच अँटेनासारखी वागते आणि मागचा नल (जिकडे सिग्नल एकदम पडतो ती दिशा) पुसट होतो. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं लहान यंत्र) असेल तर एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात ते, पाहून घ्या, पण दीड आला की पावणेदोन यावर चर्चासत्र भरवू नका. ही अँटेना फक्त ऐकायला आहे. तिची खरी परीक्षा म्हणजे फॉक्सकडे पाठ केल्यावर सिग्नल किती पडतो. एलिमेंटची टोकं गोल कापून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. डोळ्यांच्या उंचीवर फिरणारं धारदार स्टील आहे ते.

कनेक्टरमध्येही गफलत होते. बाओफेंगच्या हँडीला एसएमए-फीमेल प्लग लागतो, याएसूच्या बऱ्याच हँडींना एसएमए-मेल. केबलीच्या टोकाला बीएनसी ठेवून दोन्ही प्रकारचे अडॅप्टर जवळ ठेवले की कुणीही कुणाची अँटेना वापरू शकतो.

सिग्नल फार जोरात झाला की

एफएम रिसीव्हर आवाजाची पातळी सारखी ठेवतो, त्यामुळे कानाने जोर कळत नाही. मीटरवर भिस्त, आणि स्वस्त हँडीचा मीटर जवळजवळ दोनच अवस्था दाखवतो, आहे किंवा नाही. नुसता अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारी डबी) लावूनही एका मर्यादेपलीकडे उपयोग होत नाही, कारण फॉक्स जवळ असेल तर सिग्नल प्लॅस्टिकच्या खोक्यातून थेट सेटमध्ये शिरतो. अँटेना काढून टाकली तरी मीटर भरलेलाच.

यावर ऑफसेट अटेन्युएटर हा पक्का उपाय. चार मेगाहर्ट्झचं तयार ऑसिलेटर मॉड्यूल, ७८एल०५ रेग्युलेटर, नऊ व्होल्टची बॅटरी, एक १एन४१४८ डायोड, एक पोटेंशिओमीटर आणि दोन बीएनसी सॉकेट, सगळं धातूच्या डबीत. अँटेनाकडून सेटकडे जाणाऱ्या वाटेला जोडलेल्या डायोडमध्ये चार मेगाहर्ट्झ मिसळले जातात आणि १४५.४५० च्या सिग्नलची एक प्रत १४९.४५० वर उमटते. सेट १४९.४५० वर लावायचा. खोक्यातून शिरणारा मूळ सिग्नल चार मेगाहर्ट्झ दूर राहतो आणि प्रतीचा जोर पोटेंशिओमीटर फिरवून हवा तेवढा कमी होतो. मीटर नेहमी मधोमध राहील असं बटण फिरवत चालायचं.

यात धोका एकच. चुकून पीटीटी दाबलं तर डायोड जळतो आणि आपण हॅम पट्ट्याबाहेर प्रक्षेपण केलेलं असतं. म्हणून चर्प या सेट प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चॅनेलचं डुप्लेक्स 'ऑफ' करून ठेवावं. मग त्या चॅनेलवर सेट प्रक्षेपणच करत नाही.

डबी बनवायला वेळ नसेल तर तीन जुगाड आहेत. पहिला, सेट पाच-पाच किलोहर्ट्झने सरकवणे: १४५.४५५, १४५.४६०, १४५.४६५. जितकं दूर सराल तितका सिग्नल दुबळा ऐकू येतो. दुसरा जुगाड म्हणजे तिसरा हार्मोनिक, तिप्पट फ्रिक्वेन्सीवर उमटणारी सिग्नलची क्षीण प्रत, ऐकणे. १४५.४५० ची तिप्पट ४३६.३५०. दोन पट्ट्यांच्या हँडीवर तो ऐकू यायला लागला म्हणजे फॉक्स अगदी जवळ आहे. तिसरा सगळ्यात जुना: अँटेना काढायची, सेट छातीशी धरून सावकाश गोल फिरायचं. जिथे सिग्नल सर्वात पडतो तिथे फॉक्स आपल्या पाठीमागे आहे, कारण मध्ये आपलं शरीर आलं आहे.

दिशा घेणे आणि नकाशा

फॉक्सची अँटेना उभी असेल तर यागीची एलिमेंटही उभी धरायची. आडवी धरली तर सिग्नल बराच पडतो आणि दिशाही भलतीच दिसते. सुरुवातीला मनगट वळवून दोन्ही पाहावं. फॉक्स गवतात आडवा पडला असेल तर तिथेच कळतं. समोरचा जोर रुंद असतो, मागचा नल टोकदार. जोराने अंदाज घ्या, नलने पक्कं करा.

कंपास किंवा फोन यागीजवळ धरू नका. पट्टी स्टीलची आहे, सुई तिच्याकडे वळते. यागीच्या दिशेतलं एखादं झाड किंवा टाकी हेरायची, यागी जोडीदाराकडे द्यायची, दोन-तीन पावलं बाजूला जाऊन मग अंश वाचायचे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत इतका किरकोळ फरक आहे की दुरुस्ती करत बसायची गरज नाही.

पाच अंशांची चूक एक किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर सरकवते. म्हणून दुसरी दिशा घेताना फॉक्सच्या बाजूला न धावता आडवं जावं. दोन रेघा काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर चूक लहान राहते, वीस अंशांत छेदल्या तर छेदबिंदू लांबच लांब ताणला जातो. तिसरी रेघ पडताळणीसाठी.

परावर्तन हा शहरातला मोठा शत्रू. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कड्यासमोर उभं राहून दिशा घेतली तर कडाच फॉक्स वाटू शकतो. पत्र्याची शेड, उभी बस, जलकुंभ यांचंही तेच. खात्री करायला दहा पावलं बाजूला जाऊन पुन्हा दिशा घ्यावी. खरी दिशा फारशी हलत नाही, परावर्तित दिशा उडी मारते. शंका आली तर उंचावर चढून वाचन घ्या, दरीतलं वाचन वहीत लिहा पण त्यावर धावू नका.

फॉक्स

पाच वॅटची हँडी कमी पॉवरवर, म्हणजे साधारण एक वॅटवर पुरते. एक मिनिट प्रक्षेपण, एक मिनिट शांतता असा क्रम ठेवावा. सलग प्रक्षेपण ठेवलं तर हँडी तापते, बॅटरी दुपारच्या आत संपते आणि शोधणाऱ्यांना विचार करायला उसंतच मिळत नाही. शांतता तीन मिनिटांच्या वर गेली तर नवखे कंटाळतात. दर प्रक्षेपणात कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखचिन्ह) यायलाच हवा. मध्ये आकडे मोजा किंवा मोर्स द्या. हॅम पट्ट्यावर गाणी वाजवता येत नाहीत, गणपतीचे दिवस असले तरी.

फ्रिक्वेन्सी निवडताना १४५.५०० सोडावी, ती कॉलिंगसाठी आहे. १४५.८०० च्या वरचा भाग उपग्रहांचा, १४४.३९० एपीआरएसचा (ठावठिकाणा पाठवण्याची डिजिटल पद्धत). गावातल्या रिपीटरचं इनपुट-आउटपुटही टाळा. वर उदाहरणात घेतलेली १४५.४५० मोकळी असेल तर चांगली. आयोजकांच्या आपसातल्या बोलण्यासाठी सत्तर सेंटीमीटरवरची, म्हणजे आपल्या ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमधली एखादी फ्रिक्वेन्सी घ्या. दोन मीटरवरच बोलत राहिलात तर फॉक्सजवळ पोचलेल्यांचे सेट बधिर होतात.

लपवताना फॉक्स जमिनीपासून मीटरभर तरी वर ठेवावा. कातळाच्या कपारी, वारुळाच्या आसपास आणि आग्या मोहोळ लटकलेल्या झाडाखाली फॉक्स ठेवू नये, शोधणारे तिथे हात घालणार आहेत. लोखंडी कुंपणाला टेकवला तर अख्खं कुंपण प्रक्षेपण करतं. हे मुद्दाम करायचं असेल तर जुन्या खेळाडूंसाठी ठेवा. पहिल्या हंटला एकच फॉक्स, दीड-दोन किलोमीटरचा परिसर, दोन तासांची मर्यादा.

आंतरराष्ट्रीय एआरडीएफ (हौशी रेडिओ दिशाशोध) स्पर्धांत पाच फॉक्स एकाच फ्रिक्वेन्सीवर एकेक मिनिट आळीपाळीने बोलतात आणि मोर्समधल्या एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच, एमओ५ या खुणांनी ओळखू येतात. तिथे दोन मीटरवर आडवं ध्रुवीकरण असतं, म्हणजे अँटेना आडव्या. क्लबमध्ये दोन-तीन हंट झाल्यावर तिकडे वळायला हरकत नाही.

परवाने आणि परवानग्या

फॉक्सजवळ परवानाधारक बसलेला असावा. तंत्र बिघडलं, फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणी आलं किंवा कुणी सेट उचलून नेऊ लागलं तर प्रक्षेपण बंद करणारं माणूस हवं. परवाना नसलेल्यांना आणि शाळकरी मुलांना संघात घ्या. हँडी परवानाधारकाच्या हाती, यागी मुलांच्या हाती. ऐकण्यापुरता आरटीएल-एसडीआर (लहान यूएसबी रिसीव्हर) आणि फोन हाही पर्याय आहे. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना परवान्याची परीक्षा देता येते, तेव्हा अर्जाची माहिती सोबत ठेवा. मोर्स नको असेल तर रिस्ट्रिक्टेड श्रेणी आहेच.

जागा ठरवताना लष्करी आणि संरक्षण संस्थांच्या भिंतींपासून लांब राहा. पुण्यात पाषाणकडचा भाग, कॅन्टोन्मेंट आणि लोहगाव विमानतळाचा परिसर सरळ वगळावा. हातात अँटेना घेऊन झुडपात वाकणारा माणूस लोकांना संशयास्पदच वाटतो. जवळच्या पोलीस चौकीत क्लबच्या लेटरहेडवर तारीख, वेळ आणि आयोजकाचा फोन नंबर लिहून द्या. वनखात्याची हद्द असेल तर त्यांची परवानगी वेगळी. प्रत्येक संघाकडे परवान्याची छायाप्रत असू द्या. फॉक्सच्या डब्यावर 'हौशी रेडिओ उपकरण, धोकादायक नाही' असं मराठीत ठळक लिहा आणि खाली क्लबचा नंबर द्या. बेवारस डबा दिसला की लोक आधी पोलिसांना फोन करतात, आणि बरोबरच करतात.

हंटच्या दिवशी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात ओली झाडी सिग्नल खाते आणि टेकड्या निसरड्या असतात. आदल्या साप्ताहिक नेटवर (रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीत) वेळ, जमण्याची जागा, फ्रिक्वेन्सी आणि लागणारे अडॅप्टर सांगून टाका. सात वाजता जमून अर्धा तास सराव द्या: मोकळ्या मैदानात, डोळ्यांसमोर ठेवलेल्या फॉक्सवर. नल म्हणजे काय ते इथे समजलं नाही तर टेकडीवर समजणार नाही. साडेसातला संघ पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडा, नाहीतर सगळे पहिल्याच्या मागे चालतात. संघ दोघा-तिघांचा. प्रत्येकाकडे लिटरभर पाणी, टोपी, बूट आणि चार्ज केलेला फोन.

फॉक्सला पोचल्याची खूण म्हणून डब्यावर एक सांकेतिक शब्द लिहून ठेवावा, संघाने तो आपल्या कागदावर लिहून घ्यायचा आणि कुणाला न सांगता निघून यायचं. वेळ सुटल्यापासून मोजायची. पाऊण वेळ संपूनही कुणी पोचलं नसेल तर फॉक्सची पॉवर वाढवू नका. ती वाढवली की जवळ असलेल्यांचे सेट आणखी भरतात. त्याऐवजी शांततेचा काळ निम्मा करा.

परत आल्यावर सगळ्यांच्या दिशा एकाच नकाशावर काढा. कुणाची रेघ कुठल्या कड्यावर आपटून वळली ते तिथे दिसतं, आणि पुढच्या नेटवर सांगायला निकालापेक्षा तोच मजकूर जास्त कामाचा असतो. ऑफसेट अटेन्युएटरची बॅटरी काढून ठेवायला विसरू नका.