गल्लीतल्या टवाळखोरीची तक्रार पोलिसांत कशी करावी

रात्री अकरानंतर कट्ट्यावर दारू, येणाऱ्याजाणाऱ्यांना शेरे, बुलेटच्या सायलेन्सरमधून काढलेले फटाके, दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस आणि रस्त्याच्या मधोमध केक. हा त्रास सुरू झाला की सल्ले द्यायला सगळे पुढे येतात. ‘पोरं आहेत, दुर्लक्ष करा’ हा पहिला सल्ला, ‘आमदारांना फोन लावा’ हा दुसरा. आमदारांच्या फोनने एक रात्र शांत जाते आणि दुसऱ्या दिवशी फोन कुणी लावला ते त्या पोरांनाही कळलेलं असतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पोलीस झोपलेत का?’ असं लिहिणारे तर अर्जावर सही करायलाही खाली उतरत नाहीत.

मी बरीच वर्षं सोसायटीचा सचिव आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांचे असे अर्ज लिहून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे येतं. पोलीस ठाण्याचं काम कागदावर चालतं, तिथे तोंडी गाऱ्हाणं हवेत विरतं. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या शहरी वस्तीला धरून आहे. गावात असाल तर सुरुवात पोलीस पाटलापासून करा.

त्रास कोणता ते आधी ठरवा

चार पोरं कट्ट्यावर बसून हसली म्हणून गुन्हा होत नाही. जोडपं बाकावर बसलं, त्यानेही होत नाही. तुम्हाला ती पोरं कुठल्या वस्तीतली आहेत याचाच राग असेल तर इथेच थांबा, कारण अशा अर्जाने खऱ्या तक्रारींचंही वजन जातं. उघड्यावर दारू, शिवीगाळ, धमकी, बायका-मुलींना शेरे, बाटल्या फोडणं, अपरात्री स्पीकर, गाड्यांच्या शर्यती, हत्यार नाचवणं, ह्या झाल्या तक्रारी.

दोन-तीन आठवडे नोंद ठेवा

साधी वही पुरे. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, गाडीचा नंबर, कुणी पाहिलं. बास.

कॅमेरा असेल तर चित्रण लगेच उतरवून घ्या, कारण डीव्हीआर (कॅमेऱ्याचा रेकॉर्डर) जुनं पुसून त्यावर नवं चढवत राहतो. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, तेव्हा चित्रण कुणी, कधी, कशातून उतरवलं तेही वहीत लिहा. पोरांच्या तोंडासमोर मोबाईल धरून शूटिंग करू नका आणि ते ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. त्यातला एखादा अठराच्या आतला निघाला आणि प्रकरण पोलिसांत गेलं की त्याची ओळख उघड करणाऱ्यावरच बालन्याय कायद्याने बालंट येतं.

बीट अंमलदाराला दिवसाउजेडी भेटा

आपली गल्ली कोणत्या बीटमध्ये, म्हणजे चौकीच्या गस्तीच्या कोणत्या भागात येते आणि तिथे कोण आहे, हे चौकीत विचारलं की कळतं. भेटून घ्या, नंबर घ्या, जागा प्रत्यक्ष दाखवा. भांडायला जाऊ नका. ह्या माणसाकडे बंदोबस्त, समन्स आणि पासपोर्टची पडताळणी एवढं सगळं असतं, त्यात तुमचा कट्टा.

ही ओळख फुकट जात नाही याचा मोठा पुरावा भिवंडीचा. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हवालदार आणि दोन्ही समाजांतली साधी माणसं एकत्र बसू लागली, किरकोळ भांडणं तिथेच मिटू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

अर्ज : खरी अडचण इथे आहे

बहुतेक तक्रारी इथेच मरतात. मीही सुरुवातीला इथेच अडकून पडायचो. लोक असा अर्ज लिहितात:

‘आमच्या परिसरात गुंडगिरी माजली असून नागरिक भयभीत झाले आहेत. महिलांना रस्त्याने चालणे मुश्कील झाले आहे. तरी संबंधितांवर कठोरात कठोर कारवाई करावी, ही नम्र विनंती.’

ह्याने कुणी हलत नाही, आणि त्यात पोलिसांचा दोष नाही. गस्तीच्या गाडीने जायचं कुठे? कधी? ‘संबंधित’ म्हणजे कोण? अर्ज घेणारा तो फाईलला लावतो आणि पुढच्या माणसाला आत बोलावतो. आता हा बघा:

‘गेल्या तीन आठवड्यांपासून आमच्या इमारतीमागील महापालिकेच्या बंद पंपहाऊसच्या पायऱ्यांवर, मुख्यतः शुक्रवारी व शनिवारी रात्री ११ ते १ या वेळेत, पाच ते सात तरुण मद्यपान करतात, मोठ्याने शिवीगाळ करतात व रिकाम्या बाटल्या रस्त्यावर फोडतात. मागील शनिवारी रात्री ११.४० वाजता हटकले असता “बघून घेतो” अशी धमकी दिली. नोंदीचा तक्ता व दोन वाहनांचे क्रमांक सोबत जोडले आहेत. शुक्रवारी व शनिवारी या ठिकाणी रात्रगस्त ठेवावी व प्रतिबंधक कारवाई करावी.’

एक जागा, दोन वार, दोन तास. आता बीट मार्शलला कुठे आणि केव्हा जायचं ते कळतं. नाही गेला तर तेही कागदावर दिसतं, आणि साहेबांना नेमकी त्याचीच काळजी असते.

अर्ज ‘मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक’ यांच्या नावे. एका पानाच्या वर एक ओळही नको. एका अर्जात एकच त्रास लिहा. कट्ट्यावरच्या दारूसोबत पार्किंगचं भांडण, भटकी कुत्री आणि समोरच्या हॉटेलचा धूर घुसडलात की चारही बुडाले. नाव खात्रीने माहीत असेल तरच लिहा. ऐकीव नाव लिहिलंत आणि तो मुलगा त्या रात्री गावीच नव्हता असं निघालं की अख्खा अर्ज खोटा ठरतो. ‘परप्रांतीय’, ‘झोपडपट्टीतले’, जात, धर्म यांपैकी काहीही कागदावर नको. तुमच्या ओळखीचे वकील कलमं घालायला सांगतील, घालू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये असभ्य वर्तनाला कलम ११० आहे, शांतता बिघडवणाऱ्या दांडगाईला ११२ आहे, आणि दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालायला दारूबंदी कायद्याचं ८५ आहे. हे आपल्या माहितीसाठी. कलम लावणं पोलिसांचं काम, आपण घडलेलं लिहायचं.

सह्यांचा डोंगर करू नका. ज्याने काही पाहिलेलं नाही त्याची सही कागद जड करते, तक्रार नाही. सोसायटीचं लेटरहेड, सचिव-अध्यक्षांची सही, आणि प्रत्यक्ष पाहिलेले चार-पाचजण पुरतात. त्या चार-पाचजणांना आधीच सांगा की जबाबाला बोलावलं तर यावं लागेल. ऐन वेळी ‘माझं नाव काढा’ म्हणणारा सहीत नसलेलाच बरा. एकट्या म्हाताऱ्या माणसाला तक्रारदार करून पुढे ढकलणं तर शुद्ध भेकडपणा आहे. लेटरहेड असतं कशाला?

दोन प्रती काढा आणि जा. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी साधारण हे संवाद होतात: ‘साहेब राऊंडला गेलेत, उद्या या.’ ‘ठेवून जा इथं, बघतो.’ ‘तोंडी सांगितलंत ना, झालं.’ यातल्या कशालाही मान डोलावून परत फिरू नका. आवाज न चढवता एवढंच म्हणा: ‘साहेबांना सवडीने दाखवा, मला फक्त दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का द्या.’ मग उभे राहा. मोबाईल खिशात, चेहरा शांत, घाई नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही ह्या चार गोष्टी प्रतीवर दिसल्या की अर्ज दिला गेला. नुसता शिक्का असेल आणि क्रमांक नसेल तर ती पोहोच नव्हे, त्यावरून उद्या काहीच शोधता येत नाही. देतच नसतील तर वाद नको. त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत सहायक पोलीस आयुक्तांना (जिल्ह्यात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना), आणि पावती वहीत चिकटवा.

एनसीला नाक मुरडू नका

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ‘एनसी घेतली म्हणजे वाटाण्याच्या अक्षता’ हा आणखी एक वाईट सल्ला. अदखलपात्र प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, हे खरं. पण नोंद राहते, आणि ह्या नोंदींवरच पुढची इमारत उभी राहते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचा एक वर्षापर्यंतचा बॉण्ड घेता येतो, सराईतांसाठी कलम १२९ आहे. पोलिसांच्या भाषेत ह्याला चॅप्टर केस म्हणतात, जुन्या लोकांच्या तोंडी अजून आधीच्या फौजदारी संहितेतले १०७ आणि ११० हेच आकडे आहेत. आयुक्तालयात हे काम सहायक आयुक्तांसमोर चालतं. पहिल्यांदा हजर व्हायचं समन्स घरी गेलं, बापाने ते वाचलं, की अर्ध्याहून अधिक पोरं दुसऱ्या आठवड्यात कट्ट्यावर दिसत नाहीत. त्याच्याही पुढे तडीपारी आहे, जास्तीत जास्त दोन वर्षांची, पण ती गुन्ह्यांची यादी असलेल्यांसाठी. दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या कॉलेजच्या मुलाला ‘तडीपार करा’ असं अर्जात लिहिलंत तर हसं होईल.

मात्र बाईला अश्लील शेरा मारला, पाठलाग केला, कुणाला गंभीर जखमी केलं, कोयता काढला, तर एनसीवर समाधान मानू नका. तिथे गुन्हा दाखल व्हायला हवा. ठाण्याने नकार दिला तर याच संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयात उपायुक्तांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

रात्री प्रकार चालू असताना

११२ नंबरला फोन लावा. खाली उतरून एकट्याने हटकायला जाऊ नका, दारू प्यालेल्या माणसाला तत्त्वज्ञान समजत नाही. फोनवर खूण सांगा: ‘पंपहाऊसच्या पायऱ्या, मेडिकलच्या मागची बाजू.’ लगेच पुढचं वाक्य: ‘माझ्या दाराशी येऊ नका, माझं नाव तिथे घेऊ नका.’ हे सांगितलं नाही तर गाडी इमारतीखाली उभी राहते आणि ‘कम्प्लेंट कुणी केली?’ अशी हाक वर येते. हा अनुभव घेतलेले पुष्कळ आहेत. स्पीकरच्या बाबतीत तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करायची. डेसिबल मोजत बसायचीही गरज नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदीच आहे, सरकारने सूट दिलेले वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सोडून, आणि तेही मध्यरात्री बारापर्यंतच.

प्रत्येक फोनची वेळ वहीत.

अंधार महापालिकेकडे

बंद दिव्याची तक्रार खांब क्रमांकासह करा. खांबावर रंगवलेला असतो, पुसला असेल तर शेजारच्या खांबाचा द्या. बेवारस गाडी आणि झुडपं यांचा अर्ज वेगळा.

मंडळाच्या अध्यक्षाला विसरू नका

कट्ट्यावरची पोरं बहुतेक वेळा कुठल्यातरी मंडळाची असतात. मंडळाला गणपतीत मांडव आणि मिरवणुकीची परवानगी हवी असते, त्यामुळे ठाण्याशी बिघडलेलं त्यांना परवडत नाही. उत्सवाआधी शांतता समितीची बैठक होते, साहेब आणि सगळे अध्यक्ष एका खोलीत असतात. तिथे नाव न घेता जागा आणि वेळ तेवढी सांगा. अध्यक्षाने पोरांना दिलेली एक शिवी कधीकधी महिनाभराच्या गस्तीपेक्षा जास्त काम करते. वाईट वाटतं, पण तसं आहे.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज, पहिल्याच्या आवक क्रमांकाच्या संदर्भासह. ‘अद्याप कारवाई नाही’ एवढंच नको, मधल्या काळातल्या नव्या तारखा द्या. गस्त आली असेल तर तेही लिहा, खोटं रडगाणं लगेच ओळखू येतं. महिना उलटून गेला तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या दिनांकास काय कारवाई झाली? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. माझ्या अनुभवात उत्तराआधी चौकीतून फोन येतो.

त्रास थांबला की आभाराचं चार ओळींचं पत्र द्या, त्याचीही पोहोच घ्या. फाईल मात्र बंद करू नका. निरीक्षकांची साधारण दोन वर्षांनी बदली होते आणि पोरांना ती आपल्याआधी कळते. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात फाईलची झेरॉक्स घेऊन दोनजणांनी भेटून यावं. सकाळी अकरा-बाराच्या सुमारास जा, दुपारनंतर ते सापडत नाहीत.