डोकं शांत करायला चार कुंड्या: कुठे ठेवायच्या, कशा सांभाळायच्या

नाशिकमधल्या अंबडची शिफ्ट संपवून मुंबई नाका, द्वारका ओलांडत पंचवटीत घरी पोहोचेपर्यंत डोकं नुसतं भणभणतं. मला यातून बाल्कनीतल्या चार कुंड्यांनी बाहेर काढलं.

नर्सरीत जाण्याआधी घरात बसून बघा, तुमची नजर सारखी कुठे जाते? ओट्यासमोरची खिडकी, चहाची खुर्ची... कुंडी तिथेच हवी. झाड नुसतं दिसण्यानेही फरक पडतो. संशोधक रॉजर उल्रिच यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली.

मग ऊन बघा. चांगलं ऊन येत असेल तर तुळस, मोगरा, गवती चहा. नसेल तर मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट, पण ही दोन्ही लहान मुलांच्या आणि मांजराच्या तोंडाला लागू देऊ नका. हवा शुद्ध होईल म्हणून मात्र झाडं घेऊ नका, चार कुंड्यांनी ते होत नाही.

आपली काळी माती कुंडीत नुसती भरू नये. पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगड होते. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा. माझा पहिला मोगरा मी रोज पाणी घालून घालवला. उपटला तर मुळं काळी, बुळबुळीत. आता बोट दोन पेरं मातीत खुपसते, कोरडं लागलं तरच पाणी.

खरा उपाय पुढे आहे. रोज घरी आल्यावर फोन आत ठेवून वीसेक मिनिटं कुंड्यांपाशी बसा. वाळकी पानं खुडा, माती उकरा, मोगऱ्याच्या कळ्या मोजा. मिशिगन विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात शहरातली माणसं निसर्गात २० ते ३० मिनिटं थांबली, तेव्हा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सगळ्यात वेगाने उतरलेलं दिसलं. तो अभ्यास घराबाहेरचा होता, म्हणून रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान किंवा गोदाकाठ गाठाच. कॉलनीतलं उद्यानही चालेल.

झोपच उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी लवकर घाला. गावाला जाताना कुंड्या सावलीत सरकवा आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या.