कडुनिंबाचा अर्क आणि वजनाची वही

ठाण्याहून पनवेल लोकल पकडून नवी मुंबईतल्या त्या लॅबमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा एम.एस्सी. नुकतं झालं होतं. अर्क काढायचा, उंदरांना द्यायचा आणि जठराचा कॅन्सर टळतो का ते बघायचं, इतकंच डोक्यात होतं. आता या कामात येऊ बघणारी मुलंमुली फोन करतात, त्यांना मी आधी वजनाच्या वहीबद्दल सांगते.

प्रयोग असा असतो. उंदराला बेन्झोपायरीन देतात. तंबाखूच्या धुरात आणि निखाऱ्यावर करपलेल्या मांसात असतं, तेच हे रसायन. तेलात विरघळवून १ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, तोंडातून घातलेल्या नळीच्या सुईने थेट पोटात. शरीरातली एन्झाइम्स त्याचं रूप बदलतात आणि ते बदललेलं रूप डीएनएला चिकटतं, त्यातून पुढे गाठी होतात. ते चिकटणं अर्कामुळे कमी होतं का, हे बघायचं असतं. म्हणून अर्क दोन आठवडे आधीच सुरू करायचा, रसायन चालू असताना द्यायचा आणि नंतरही दोन आठवडे. गाठी झाल्यावर अर्क दिलात तर तो उपचाराचा प्रयोग झाला, प्रतिबंधाचा नाही.

माझ्या वाट्याला कडुनिंब आला. पाला वाळवून, दळून, अल्कोहोलमध्ये अर्क काढला आणि खाद्याच्या भुकटीत मिसळला. काही महिन्यांनी जठरं उघडली. आत फॉर्मॅलिन भरून ती फुगवायची, कापून मेणाच्या ताटलीवर टाचण्यांनी पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठी मोजायच्या. मोजणाऱ्याला गट, म्हणजे अर्काचा की बिनअर्काचा, माहीत नसावा, म्हणून ताटल्यांवर फक्त आकडे. साबुदाण्यासारखे पांढुरके उंचवटे एकेक करून मोजले. यादी उघडली तर अर्काच्या गटात गाठी खरंच कमी! मी त्याच संध्याकाळी आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी मॅडम एवढंच म्हणाल्या, "वजनाची वही आण गं."

वहीत सगळं होतं. अर्काच्या गटातले उंदीर तिसऱ्या आठवड्यापासून हलके होत गेले होते. खाद्य कडू, म्हणून ते कमी खात होते, आणि बरंचसं उकरून पिंजऱ्यात अंथरलेल्या भाताच्या तुसात सांडत होते. नुसतं कमी खाल्ल्यानेही उंदरांमध्ये गाठी कमी होतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. मग हा गुण कडुनिंबाचा की उपासाचा? उत्तर देता येईना. दर आठवड्याला आकडे मीच लिहिले होते, पण दोन गट शेजारी ठेवून एकदाही वाचले नव्हते. ते उंदीर आपल्या कामासाठी जीव देतात, याचं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी अर्क सुईने दिला आणि एक गट वाढवला. अर्काचा गट जितकं खाईल तितकंच साधं खाद्य या गटाला. अर्क ज्या द्रावणात कालवला, ते नुसतं द्रावण देण्याचाही एक गट हवाच. ॲनिमल एथिक्स कमिटीकडे अर्ज करतानाच हे गट मांडा, कारण उंदरांची संख्या एकदा मंजूर झाली की कमिटीच्या परवानगीशिवाय मधेच वाढवता येत नाही. सुई देण्याचा सराव अनुभवी माणसाच्या हाताखाली करा. सुई श्वासनलिकेत गेली तर उंदीर दगावतो. वनस्पती बाजारातून आणून लगेच कामाला लागू नका. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या, वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या ठिकाणाहून आधी ओळख पटवून घ्या, नमुना जपून ठेवा.

घरचे विचारतील ते वेगळंच. आमची आत्या दर दिवाळीला विचारते, "मग रोज कडुनिंब खाऊ का?" मी तिला सांगते, या गाठी उंदराच्या जठराच्या पुढच्या कप्प्यात होतात आणि माणसाला तो कप्पाच नसतो. माणसाच्या जठराच्या कॅन्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा मोठा हात असतो. १९९४ मध्येच त्याची नोंद कर्करोगकारक म्हणून झाली, आणि आमच्या उंदरांमध्ये तो जिवाणू नसतो. आमच्या निकालावरून पुढे काय तपासावं ते कळतं, ताटात काय वाढावं ते नाही. पॉझिटिव्ह निकाल हातात असताना हे म्हणणं जड जातं, तरी म्हणाच.

आता सोमवारी सकाळी नवीन मुलीला मी आधी तराजूपाशी उभी करते. उंदीर डब्यात ठेव, तो फिरायचा थांबू दे, मग आकडा लिही. पिंजऱ्यातलं उरलेलं खाद्य तोल, तुसात सांडलेलं चाळून तेही तोल. आणि पान उलटायच्या आधी शेजारच्या गटाचा रकाना वाच.