विश्वास, पगाराची तारीख आणि पुठ्ठ्याचे वजन

इंदूरच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत प्रार्थना मराठीत होते, मंडळीची उपासना हिंदीत असते आणि कारखान्यात किंवा दुकानात दिवसभर हिंदी-मालवी चालते. भाषा बदलली की माणूसही थोडा बदलतो, आणि रविवारी ज्या तोंडाने आपण क्षमेचे गीत गातो त्याच तोंडाने सोमवारी हेल्परला चारचौघांत वाटेल ते बोलतो, हे मी प्रथम स्वतःमध्ये पाहिले. सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात माझा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणारा लहानसा कारखाना आहे. ज्यांच्या हाताखाली दोन-चार का होईना माणसे काम करतात आणि ज्यांना आपला विश्वास कामाच्या जागी आचरणात आणायचा आहे, अशा वाचकांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे. यातील बहुतेक गोष्टी मी आधी चुकीच्या करून मग शिकलो.

आधी देणी

सुरुवात भिंतीवर वचन लावण्यापासून करू नये. ते नंतर लावता येईल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक वही घेऊन बसावे आणि आपण कोणाचे किती देणे लागतो, ते कोणत्या तारखेला द्यायचे होते आणि ते कशासाठी अडले आहे, हे लिहून काढावे. ही यादी रकमेच्या क्रमाने लावू नये. ज्याला पैसे उशिरा मिळाल्यास सर्वाधिक त्रास होईल त्याचे नाव वर लिहावे, म्हणजे हमाल, टेंपोवाला आणि रोजंदारीवरची बाई बँकेच्या हप्त्याच्याही वर येतील. अनुवाद 24:15 मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगून त्याचे कारणही दिले आहे: तो गरीब आहे आणि त्याचे मन त्या मजुरीकडे लागलेले असते. लेवीय 19:13 मध्ये हीच आज्ञा आहे, आणि याकोब 5:4 मध्ये तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे.

आमच्यासारख्या लहान कारखान्यात मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. माल किंवा सेवा पुरवणारा सूक्ष्म अथवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, आणि करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच असते. या तारखांना मी किमान मर्यादा मानतो. ज्या महिन्यात वसुली झाली नसेल त्या महिन्यात मालकाने स्वतःची उचल शेवटी घ्यावी, आणि उशीर अटळ असेल तर तो 6 तारखेला सर्वांना समोर बोलावून, नक्की दिवस सांगून कळवावा. 9 तारखेला फोन बंद ठेवण्याची प्रथा आपल्या लोकांतही आहे, म्हणून हे लिहावे लागते.

या शहराला अडकलेल्या मजुरीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हुकुमचंद मिल 1992 मध्ये बंद पडली, पुढे अवसायनात (मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत) गेली आणि कामगार आपल्या देण्यांसाठी न्यायालयात लढत राहिले. सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यापोटी जवळपास 224 कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला तो 25 डिसेंबर 2023 रोजी. त्या नाताळच्या सकाळी उपासनेहून परतताना माझ्या मनात मात्र एकाच टेंपोवाल्याचे नाव होते. त्याचे चार महिन्यांचे भाडे मी थकवले होते, आणि त्याच चार महिन्यांत मंडळीला द्यायचा माझा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) एकदाही चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी पैसे दिले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "भिया, बता देते तो मैं बच्चे की फीस का कहीं और से जुगाड़ कर लेता." माझी ही वही त्या आठवड्यापासून सुरू झाली.

माल

नीतिसूत्रे 11:1 मधील खोटा तराजू आज बहुतेक धंद्यांत तराजूच्या रूपात दिसत नाही, म्हणून आपल्या धंद्यात तो कोठे लपला आहे हे प्रत्येकाने शोधले पाहिजे. आमच्या धंद्यात तो कागदाच्या जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधील वजनात, असतो. पाच प्लाय, म्हणजे पाच थरांच्या, बॉक्समध्ये तीन लाइनर (सपाट थर) आणि दोन फ्लुटिंग (नागमोडी थर) असतात. ग्राहकाने 150 जीएसएमचा कागद ठरवला असताना मधल्या थरांत 120 चा घातला, तर तो बाहेरून ओळखू येत नाही, आणि भाव पाडून ऑर्डर मिळवणारे पुष्कळ जण फरक तेथेच भरून काढतात. यावर साधी कसोटी आहे. रिळातून 10 सेंटीमीटर लांब व 10 सेंटीमीटर रुंद तुकडा कापावा, काट्यावर ग्रॅममध्ये तोलावा आणि आलेल्या आकड्याला 100 ने गुणावे. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वजन वाढून दिसते, म्हणून तेव्हा कोरडा केलेला तुकडा तोलावा. आम्ही प्रत्येक मोठ्या ऑर्डरसोबत असा तोललेला तुकडा, त्यावर आकडा लिहून, ग्राहकाकडे पाठवतो. यामुळे दोन ग्राहक गेले, कारण त्यांना स्वस्त माल हवा होता. त्यांना आम्ही 120 चा भाव 120 म्हणूनच देऊ केला होता, पण त्यांच्या कागदावर 150 च लिहून हवे होते.

शिक्षकाचा खोटा तराजू न तपासता दिलेल्या गुणांत असेल, परिचारिकेचा न घेताच तक्त्यावर लिहिलेल्या तापमानात, आणि हिशेबनिसाचा मागील तारखेच्या बिलात. उत्पत्ती 2:15 मध्ये मनुष्याला बागेत मशागतीसाठी ठेवले ते पतनाच्या आधी, आणि निर्गम 31 मध्ये बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरले ते सोने, रुपे, पितळ, पाषाण आणि लाकूड यांचे काम करण्यासाठी. चांगले काम हे उपासनेच्या बाहेरचे नाही, हे मराठी ख्रिस्ती समाजाला पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती या आपल्या आश्रमात दाखवून दिले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी ज्या निराधार स्त्रियांना आणले, त्यांना अन्नाबरोबर हातात कसबही दिले. आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर, जे त्यांच्या 1922 मधील मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचे छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) मुक्तीतील स्त्रियांनीच जुळवले होते. भाषांतर कितीही भक्तिभावाने केलेले असले तरी खिळा उलटा बसला तर वचन चुकीचेच छापले जाते, हे त्या स्त्रियांना कोणी वेगळे सांगितले नसेल.

अधिकार

मार्क 10:42-45 मध्ये प्रभू येशू सत्ता गाजवणाऱ्यांची रीत सांगून शिष्यांना म्हणतो की तुमच्यात तसे नसावे. हे वचन सर्वांना पाठ असते. ते कामात उतरवायचे तर तीन जागा नीट पाहाव्या लागतात. पहिली जागा म्हणजे चूक दाखवण्याची. मत्तय 18:15 मधील क्रम मंडळीसाठी सांगितलेला असला तरी मशीनवरही तो चालतो: आधी एकट्याला बाजूला घेऊन, काय बिघडले ते नेमके सांगून, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. इफिस 6:9 मध्ये धन्यांना धमकावणे सोडून द्या असे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा "उद्यापासून येऊ नको" हे वाक्य रागाच्या भरात उच्चारायचेच नाही, असा नियम मी केला आहे. कोणाला खरोखर काढायचे असेल तर ते दोन दिवसांनी, कारण लिहून आणि हिशेब पूर्ण देऊन करावे.

दुसरी जागा निर्णयाची. निर्गम 18 मध्ये मोशेचा सासरा इथ्रो त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा करताना पाहतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमायला सांगतो. सर्व काही आपल्या सहीवाचून अडते याचा लहान मालकाला फार अभिमान असतो, आणि त्याला आपण जबाबदारी असे गोड नाव देतो. पाळीच्या सुपरवायझरला किती रुपयांपर्यंतची खरेदी न विचारता करता येईल, किती तासांची सुट्टी देता येईल, कोणता माल परत घेता येईल, हे कागदावर लिहून द्यावे, आणि त्याचा निर्णय आपल्याला पटला नाही तरी कामगारांसमोर तो फिरवू नये.

तिसरी जागा सणांची. दिवाळीच्या रात्री पाळी कोणी करायची आणि रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्याला गेर (रंगांची मिरवणूक) असताना गोदाम कोणी सांभाळायचे, हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी येतो. त्या दोन्ही दिवशी मी आणि आमच्या मंडळीतला एक मुलगा असे दोघे थांबतो. नाताळला बाकीचे आपणहून थांबतात. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग आमच्या कारखान्यात एवढ्याच आकाराचा आहे. रविवारच्या सुट्टीबाबत मात्र चौकीदाराला विसरू नये, कारण निर्गम 20 मधील विसाव्याची आज्ञा दास, दासी, पशू आणि वेशीच्या आतल्या परक्यालाही लागू आहे.

प्रार्थनेविषयी थोडेच लिहितो. सर्व कामगारांना उभे करून प्रार्थना घेऊ नये. पगार देणारा उभा असताना कोणाची संमती खरी, हे कळत नाही. नहेम्या 2:4 मध्ये राजाने काय हवे असे विचारल्यावर नहेम्या मनातल्या मनात प्रार्थना करून लगेच उत्तर देतो. अवघड फोनपूर्वी तेवढीच पुरते. शटर उघडण्याआधी दहा मिनिटे हजेरीपत्रक समोर ठेवून एकेका नावासाठी प्रार्थना केली, तर कोणाची आई रुग्णालयात आहे हे विसरायला होत नाही.

पूजेचा दिवस

खंडेनवमीला किंवा विश्वकर्मा पूजेला कामगार यंत्रे धुऊन, हार घालून, नारळ फोडतात. ख्रिस्ती मालकाने येथे काय करावे यावर आमच्या मंडळीत एकमत नाही, आणि ते व्हावे असा माझा आग्रहही नाही. म्हणून मी काय करतो तेवढेच सांगतो. आठवडाभर आधी दोन ज्येष्ठ कामगारांना बोलावून स्पष्ट सांगतो की तुमची पूजा तुम्ही मानाने करा, त्या दिवशी चार तास मशीन बंद राहील, सर्वांच्या मिठाईचा खर्च कारखान्याचा, मी उपस्थित राहीन, परंतु आरतीचे ताट माझ्या हाती देऊ नका. ऐन वेळी हात मागे घेतल्यास अपमान होतो. आधी सांगितल्यास होत नाही. 2 राजे 5:18-19 मध्ये अरामी सेनापती नामान आपला धनी रिम्मोन दैवताच्या मंदिरात आपल्या हातावर टेकून वाकेल तेव्हा आपल्यालाही वाकावे लागेल, याची क्षमा आधीच मागतो, आणि संदेष्टा अलीशा त्याला लांबलचक उपदेश न करता शांतीने जा म्हणतो. नोकरी करणाऱ्या तरुणांनी हा उतारा जरूर वाचावा, कारण त्यांची अडचण माझ्यासारख्या मालकापेक्षा नामानाच्या अडचणीच्या जास्त जवळची आहे.

बोलावे कधी

1 पेत्र 3:15 मध्ये आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला तयार राहा असे म्हटले आहे. विचारणारा असावा लागतो, हा त्यातला अर्धा भाग आपण गाळतो. कोणी विचारले तर कामाच्या वेळेबाहेर, थोडक्यात आणि खरे सांगावे. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1968 पासून आहे आणि 2021 च्या नव्या अधिनियमात बळ, फसवणूक व प्रलोभन यांनी धर्मांतर घडवणे दंडनीय आहे. प्रलोभनाच्या व्याख्येत नोकरीही येते. परंतु कायदा नसता तरी उचल, नोकरी किंवा सुट्टी यांचा मंडळीत येण्याशी दूरान्वयानेही संबंध जोडणे अयोग्यच ठरले असते, कारण भाकरीच्या भीतीने दिलेला होकार प्रभूने कोणाकडूनही घेतला नाही. म्हणून आगाऊ रकमेचा नियम सर्वांसाठी एकच लिहून ठेवावा आणि उचल हिशेबनिसाने द्यावी, आपण स्वतः नव्हे.

उलट बाजूचा दबावही असतो. पाळकसाहेब किंवा एखादी मावशी मंडळीतल्या मुलाला कामावर घ्यायला सांगतात, आणि नाही म्हणणे जड जाते. मी अशा मुलाला इतरांसारखीच आठवड्याची चाचणी देतो आणि निकाल त्यालाच आधी सांगतो. दोनदा नकार द्यावा लागला. त्यातल्या एका घरी पुढे बरेच दिवस माझा सलाम घेतला गेला नाही.

चहापाण्याच्या मागणीवर माझ्याकडे युक्ती नाही. कागद पूर्ण ठेवावेत, परवान्याचा अर्ज मुदतीच्या तीन महिने आधी करावा, मागणी झाली तर त्रुटी लेखी मागावी, आणि काम उशिरा होईल हे धरूनच ग्राहकाला तारीख द्यावी. कधी कधी नुकसान होते, ते सोसावे लागते.

वर्षातून एकदा, मार्च संपण्यापूर्वी, 1 शमुवेल 12:3 वाचून मी एक गोष्ट करतो. वृद्ध शमुवेल सर्व लोकांसमोर उभा राहून विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, सांगा, म्हणजे मी परत करीन. मीही प्रत्येकाला एकेकटे बोलावून हेच विचारतो, आणि ज्यांना समोर बोलणे जमत नाही त्यांच्यासाठी हजेरीपत्रकाजवळ एक डबा ठेवतो. पहिल्या वर्षी सर्वांनी "सब ठीक है" असे सांगितले. दुसऱ्या वर्षी एकाने ओव्हरटाइमचे अकरा तास लिहिलेच गेले नसल्याचे दाखवले. गेल्या मार्चमध्ये पेस्टिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या बायकांनी डब्यात एकच चिठ्ठी टाकली होती: शौचालयाची किल्ली सुपरवायझरच्या खिशात असते आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे मागावी लागते. पाच वर्षे मी रोज त्या दाराशेजारून जात होतो. त्याच संध्याकाळी कुलूप काढून दाराला आतून कडी बसवली.