सिबोरियम ओळखायचं कसं, धुवायचं कसं

आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये वेदीच्या भांड्यांची सेवा करायला कुणी नवं आलं की मी त्यांना आधी कपाटापुढे उभं करते. कॅलीस आणि सिबोरियम, दोन्हींना दांडा, दोन्हींना बैठक. लांबून सारखीच वाटतात. कॅलीसमध्ये द्राक्षारस. सिबोरियमला झाकण असतं आणि आत ख्रिस्तप्रसादाच्या भाकरी. मिस्सानंतर, म्हणजे वेदीवरच्या उपासनेनंतर, उरलेला प्रसाद त्यातच टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे प्रसाद जपायच्या पवित्र पेटीत, ठेवतात.

सिबोरियम हे नाव नुसतं पाठ करू नका. ग्रीकमध्ये ‘किबोरियन’ म्हणजे कमळाचं बोंड: वर सपाट, खाली निमुळतं, भोकाभोकांत बी. ग्रीकांनी ते इजिप्तचं मानलं, पण वनस्पती आपल्याकडच्या कमळाचीच. त्या आकाराच्या पेल्यालाही तेच नाव पडलं आणि लॅटिनमध्ये त्याचं सिबोरियम झालं. दिवाळीत बर्डीवर कमळं विकायला येतात, एखादं आणून पाकळ्या काढा आणि मधला भाग नीट बघा. पुन्हा कधी विसरणार नाही. लॅटिन ‘सिबुस’, म्हणजे अन्न, यावरून हा शब्द आला असं सांगणारे भेटतील. अर्थ छान जुळतो, पण मूळ ते नाही. वेदीवरच्या खांबांच्या छत्रालाही सिबोरियमच म्हणतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता धुण्याचं. आतले कण पाण्याने गोळा करून ते पाणी पिणं, म्हणजे शुद्धीकरण, हे फादर, डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) किंवा रीतसर नेमलेला अकोलाइट (वेदीसेवक) हेच करतात. ते होईपर्यंत भांड्याला हात लावायचा नाही.

मग कोमट पाणी, थेंबभर साधा साबण, मऊ सुती फडकं. चिंच, लिंबू, राख बिलकूल नको. भांडं सोन्याहून हलक्या प्रतीच्या धातूचं असेल तर त्याला आतून सोन्याचा मुलामा देतात आणि घासलं की तोच आधी जातो. कप दांड्याला जिथे जोडलेला असतो, त्या खाचेत पाणी अडतं आणि हिरवट थर धरतो. फडक्याचं टोक पिळून तिथे फिरवा. बोरिंगचं पाणी असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग पडतात. पुसायचे पवित्र रुमाल वेगळे धुवा. त्यांचं पहिलं पाणी मोरीत नाही, मातीत.

मुलामा विटलाच तर आधी फादरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं की इतवारीच्या सराफ्यात सोन्याचं पाणी चढवून मिळेल.