गौरी जेवायच्या दिवशीच आजीचं माप लिहून घ्या

आज्जीला पुरणाचं प्रमाण विचारलं की ती सांगते, अगं अंदाजाने घालायचं, आणि तो अंदाज तिच्या हातात असतो, आपल्याकडे नसतो. म्हणून सण झाल्यावर नाही, ज्येष्ठा गौरीचं पूजन असतं त्या दिवशी सकाळीच ओट्याजवळ उभं राहा. एक किचनचा वजनकाटा ठेवा, आज्जीने तिच्या वाटीने डाळ घेतली की ती वाटी आधी काट्यावर, मग पातेल्यात, गुळाचंही तसंच. जायफळ किती किसलं, कटाची आमटी कधी उकळायला ठेवली, सगळं लगेच लिहायचं. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा पण प्रश्न विचारत बसू नका, काम करता करता ती आपोआप बोलते आणि तेच खरं सोनं असतं!

रेसिपीइतकंच बाकीचंही लिहा बरं का. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात तेव्हा तुमच्याकडे भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो का, 16 भाज्यांत कुठल्या, मंडईतून आदल्या दिवशी काय आणायचं, पानात मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे कशी. पान वाढून झालं की वरून एक फोटो, आणि फोटोखाली साल. सासर-माहेरची पद्धत वेगळी असेल तर दोन्ही लिहा, एकच बरोबर असं काही नसतं.

फोन बदलला की फोटो जातात, त्यामुळे एक साधी वही हवीच. आमची देवघराच्या कपाटात असते, हळदीचे डाग पडलेली.